अठ्ठाविसावा दिवस

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. कॅज्युअल्टीतल्या चार नंबरच्या खाटेवर एक आजी बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं म्हणून बसल्या होत्या. दोन्ही हात खाटेच्या कडेवर रोवलेले, मान पुढे, आणि दर तीन शब्दांनंतर एक श्वास. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी. निदानाला डोकं चालवायची गरज नव्हती, दारातूनच दिसत होतं.

ड्यूटीवरचा रेसिडेंट हुशार मुलगा होता. मी पोचायच्या आत त्याने ऑक्सिजन लावला होता, पाणी उतरवायचं इंजेक्शन शिरेतून दिलं होतं, ईसीजी काढून ठेवला होता. मग तो माझ्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, अठ्ठाविसावा दिवस आहे."

बाहेरच्या कुणाला या वाक्याचा अर्थ लागला नसता. मला तो तत्क्षणी लागला, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

आजींना आमच्याच वॉर्डातून घरी जाऊन २८ दिवस झाले होते. घरी गेलेला रुग्ण ३० दिवसांच्या आत पुन्हा भरती झाला की 'परत आलेला' म्हणून मोजला जायचा, आणि असे परत आलेले प्रमाणाबाहेर झाले की रुग्णालयाच्या पैशाला कात्री लागायची. पण भरती न करता 'निरीक्षणाखाली' ठेवलं तर? तीच खाट, तेच इंजेक्शन, तीच नर्स. फरक फक्त कागदाचा. निरीक्षण म्हणजे भरती नव्हे, त्यामुळे ते मोजलं जात नाही. त्या मुलाला सुचवायचं होतं ते एवढंच. हे त्याला कुणी शिकवलं म्हणाल, तर वर्षभरापूर्वी याच नियमावरचं व्याख्यान मीच दिलं होतं. तो पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होता.

मी अर्धी डॉक्टर आहे आणि अर्धी हिशेबनीस. आठवड्यातले दोन दिवस वॉर्ड आणि ओपीडी, उरलेले दिवस संगणकासमोर. तिथे माणसं नसतात, ओळी असतात. एका ओळीत एक माणूस: वय, लिंग, निदानाचा कोड, भरतीची तारीख, सोडल्याची तारीख, जिवंत की मृत. अशा लाखो ओळी चाळून मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आले आहे. डॉक्टरला आणि रुग्णालयाला पैसे कशाचे मिळतात, आणि त्यामुळे रुग्णाचं काय होतं?

या धंद्यात मी ठरवून आले नाही. रेसिडेंट असताना मी एका वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारायची. आमच्याकडे दोन युनिटं होती. सोमवारच्या युनिटमध्ये न्यूमोनियाचा रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जायचा, गुरुवारच्या युनिटमध्ये तसाच रुग्ण आठ-नऊ दिवस राहायचा. आजार तोच, औषध तेच, मजलासुद्धा तोच. फरक होता तो दोन सरांच्या स्वभावात. एकाला रिकामी खाट आवडायची, दुसऱ्याला खात्री. मी धीर करून गुरुवारच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "प्रत्येक रुग्ण वेगळा असतो." खरंच होतं ते. पण मग सोमवारचे सगळे रुग्ण एका तऱ्हेने वेगळे आणि गुरुवारचे सगळे दुसऱ्या तऱ्हेने वेगळे, असं कसं?

माझ्या रेघोट्यांना मोठी वंशावळ आहे, हे पुढे कळलं. अमेरिकेत व्हरमाँट नावाचं छोटं राज्य आहे. तिथल्या शस्त्रक्रियांचे आकडे जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी गावागावांप्रमाणे मांडले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. एका भागात पंधरा वर्षांची होईतो साधारण २० टक्के मुलांचे टॉन्सिल काढलेले होते, आणि शेजारच्या गावात ७० टक्के. हवा-पाणी सारखं, मुलं सारखी, घसे सारखे. डॉक्टरांच्या सवयी तेवढ्या वेगळ्या. हा लेख एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने नाकारला होता. शेवटी तो 'सायन्स'मध्ये आला. (माझे टॉन्सिल सातव्या वर्षी काढले. का काढले, हे घरात कुणालाच आता आठवत नाही.)

वेनबर्ग वाचल्यावर वाटलं, अरे, हे कामसुद्धा वैद्यकातच मोडतं की. एका माणसाचा घसा बघण्याऐवजी अख्ख्या गावाचा घसा बघायचा.

पण मला खरा गुरू वाटतो तो त्याच्याही आधीचा. बॉस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन. त्याचं म्हणणं इतकं साधं होतं की ऐकणाऱ्याला राग यावा. आपण शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक रुग्णाचं वर्षभरानंतर काय झालं हे बघावं, एका कार्डावर लिहावं, बरं वाटलं नसेल तर का नाही हे लिहावं, आणि ते सगळ्यांना दाखवावं. बस. याला तो 'अंतिम परिणाम' म्हणायचा. ज्या नामांकित रुग्णालयात तो काम करत होता तिथे बढती अनुभवाच्या वर्षांवर मिळायची. हा म्हणाला, कुणाचे रुग्ण जास्त बरे होतात त्यावर द्या. १९१४ मध्ये त्याने ते रुग्णालय सोडलं. त्याआधीच, १९११ साली, स्वतःचं लहानसं रुग्णालय काढलं होतं, आणि १९१६ पर्यंत तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला. त्यात स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या १२३ चुका नोंदवल्या होत्या. छापून आपल्या खर्चाने वाटल्या. आजही कुठल्या रुग्णालयाच्या पत्रकात हे दिसलं तर मला दाखवा.

१९१५ च्या जानेवारीत त्याने गावातल्या सर्जन मंडळींची सभा बोलावली आणि भर सभेत एक भलंमोठं व्यंगचित्र उघडलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग मागे लाथा झाडत सोन्याची अंडी डॉक्टरांकडे उडवतो आहे. शहामृग म्हणजे गावातली पैसेवाली रुग्णमंडळी. अंडी गोळा करणारे विचारात पडले आहेत, की आपल्या उपचारांचा खरा परिणाम याला कळला तर हा अंडी द्यायचा थांबेल का. सभेत गदारोळ झाला. कॉडमनला त्या सर्जन मंडळींच्या संघटनेचं अध्यक्षपद सोडावं लागलं, मित्र गेले, मिळकत गेली. १९४० मध्ये तो वारला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला २०१४ मध्ये, पाऊणशे वर्षांनी, त्याची कार्डं आता सगळ्या जगाने उचलली आहेत असं मानणाऱ्या डॉक्टरांच्या पुढाकाराने.

उचलली हे खरंच. फक्त एक बदल करून. कॉडमनच्या कार्डावर पैसे नव्हते. तो स्वतःसाठी मोजत होता. आमच्या काळात कार्डाला पाकीट जोडलं गेलं. चांगला आकडा, जास्त पैसे. वाईट आकडा, कमी. आमच्या भाषेत इन्सेंटिव्ह. मराठीत 'प्रोत्साहन' म्हटलं की शाळेतल्या उत्तेजनार्थ बक्षिसासारखं वाटतं, आणि 'आमिष' म्हटलं की गळाला लागल्यासारखं. खरी गोष्ट या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी असते.

तरुणपणी मी या पाकिटाची मोठी भक्त होते. तर्क बिनतोड वाटायचा. डॉक्टरला प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे दिलेत तर तपासण्या वाढतील. ठरावीक पगार दिलात तर रांगा वाढतील. माणशी एक रक्कम बांधून दिलीत तर तब्येतीने धडधाकट माणसं सगळ्यांना हवीशी होतील आणि आजारी माणूस नकोसा. यातलं प्रत्येक कुठे ना कुठे घडून गेलेलं आहे. मग रुग्ण बरा झाल्याचेच पैसे का देऊ नयेत?

ही भक्ती पहिल्यांदा कुठे तडकली, ते सांगते.

माझा पहिला मोठा प्रकल्प होता वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांचा. वर्षात चार-चार, पाच-पाच वेळा वॉर्डात येणारी मंडळी. आम्ही त्यांची यादी केली, नर्स आणि समाजसेविका त्यांच्या घरी पाठवल्या, औषधांचे डबे भरून दिले, फोन केले. वर्षाने मोजलं तर त्यांच्या भरत्या निम्म्याहून कमी झाल्या होत्या. मी आलेख काढला. डावीकडचा खांब उंच, उजवीकडचा बुटका. हा आलेख मी किती ठिकाणी दाखवला असेन! टाळ्या मिळाल्या. निधी मिळाला. एका सभेत मागच्या रांगेतून एक संख्याशास्त्राचे वयस्कर प्राध्यापक उठले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ज्यांच्या घरी तुम्ही गेला नाहीत, त्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, ते आम्ही बघितलं नाही.

"बघा," ते म्हणाले आणि बसले.

बघितलं. यादीत नाव असूनही माणसं अपुरी पडल्यामुळे ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो नव्हतो, त्यांच्याही भरत्या जवळपास तितक्याच घटल्या होत्या.

यात जादू काही नाही. ताप सर्वात जास्त चढलेला असताना घेतलेली गोळी गुणकारीच ठरते, कारण त्यानंतर ताप उतरायचाच असतो. आम्ही माणसं निवडली होती ती त्यांच्या सर्वात वाईट वर्षात. पुढचं वर्ष बहुतेकांचं त्यापेक्षा बरंच जाणार होतं, आम्ही दार ठोठावलं असतं तरी आणि नसतं तरी. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळवून. आलेख काढताना मात्र डोक्यात आलं नाही. टाळ्या वाजत असताना असलं काही आठवत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मला वाटत होतं की ही फजिती माझी एकटीची. मग २०२० च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहराच्या अभ्यासाचा निकाल आला. असाच कार्यक्रम, आमच्यापेक्षा कितीतरी नेटका, देशभर गाजलेला. त्या लोकांचं मोठेपण असं की त्यांनी अर्थशास्त्रज्ञांना बोलावून चिठ्ठ्या टाकून पारख करू दिली. ८०० रुग्ण; निम्म्यांना कार्यक्रम, निम्म्यांना नेहमीचे उपचार. १८० दिवसांत पुन्हा भरती झालेले: कार्यक्रमात ६२.३ टक्के, त्याबाहेर ६१.७ टक्के. दोन्ही गटांतल्या भरत्या आधीच्यापेक्षा चांगल्याच उतरल्या होत्या, पण बरोबरीने. ते आकडे वाचले त्या रात्री मी जुना आलेख उघडून बघितला. खांबांचे रंग छान निवडले होते.

तरी मी त्या घरभेटी वाया गेल्या असं म्हणणार नाही. एका बाईंच्या घरी आमची नर्स गेली तेव्हा कळलं की त्या दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दिवसातून दोनदा घेत होत्या. ते थांबलं. पण हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

रकाना. हा शब्द मला हल्ली छळतो. ब्रिटनमध्ये २००४ साली फॅमिली डॉक्टरांसाठी मोठी योजना आली. १४६ निकष आणि ते पुरे केले की दवाखान्याच्या मिळकतीचा साधारण चौथा हिस्सा त्यावर अवलंबून. सरकारचा अंदाज होता की डॉक्टर ७५ टक्क्यांच्या आसपास गुण मिळवतील. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी ९१ टक्के मिळवले. बिल वाढलं. मधुमेह आणि दम्याची देखभाल थोडी सुधारली, पण ती त्याआधीपासून सुधारतच होती, आणि दोन-तीन वर्षांत चढण सपाट झाली. एक गोष्ट मात्र घसरली: आपल्या नेहमीच्या, ओळखीच्या डॉक्टरला भेटायला मिळणं. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही योजना गुंडाळली.

आकड्यांपेक्षा मला अशी योजना स्वतःच्या ओपीडीतून कळली. आमच्याकडेही पडद्यावर पिवळे चौकोन आले होते. रक्तदाब नोंदवला की चौकोन हिरवा. तंबाखूबद्दल विचारलं, हिरवा. पाय तपासले, हिरवा. एक काका समोर बसले होते. माझे चार चौकोन हिरवे झाले होते, पाचवा राहिला होता. मी पडद्याकडे बघतच विचारलं, "झोप कशी आहे?" ते गप्प. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "बायको गेली गेल्या महिन्यात." मी मान वळवली. हात अजून माऊसवर होता. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, आणि मग म्हणाले, "तुमचं चालू द्या."

झोपेचा चौकोन नव्हता. मी तो प्रश्न सवयीने विचारला होता, पाचव्या चौकोनाची खिडकी उघडेपर्यंत.

यावर लोक म्हणतात, मग मोजूच नका. हे मला पटत नाही. न मोजणाऱ्या रुग्णालयांत मी काम केलं आहे. तिथे सगळे आपापल्या मते उत्तम असतात. न्यूयॉर्क राज्याने बायपास करणाऱ्या रुग्णालयांचे आणि पुढे सर्जनचेही मृत्यूचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली, त्यानंतर मृत्यू खरोखर घटले. त्याचबरोबर जास्त धोक्याच्या रुग्णांना हात लावायला काही सर्जन कचरू लागले, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं. दोन्ही एकाच वेळी खरं. हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते पेन थांबवून बघत राहतात, कारण त्यांना खाली रेघ मारायला एकच वाक्य हवं असतं.

न्यूमोनियाचा किस्सा तर आमच्या पिढीने डोळ्यांनी बघितला. अमेरिकेत ठरलं की रुग्ण दारात आल्यापासून चार तासांत अँटिबायोटिक गेलं पाहिजे. हेतू चांगला, त्यामागे अभ्यासही होता. झालं काय, तर छातीत घुरघुर ऐकली की एक्स-रेची वाट न बघता बाटली लटकायला लागली. हृदयाचं पाणी असो की जुना दमा. न्यूमोनियाचं चुकीचं निदान वाढल्याचं दिसलं. चाराचे सहा तास केले, आणि पुढे तो निकषच मोडीत काढला. घड्याळ आजाराकडे बघत नाही, पण घड्याळाकडे बघणारा डॉक्टरही आजाराकडे बघत नाही.

आणि भागाकार! आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं रेघेच्या खालच्या आकड्यावरून होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारखी आकड्यांची जाणकार बाईसुद्धा यात सापडली. १८६३ साली तिने विल्यम फार या सरकारी संख्याशास्त्रज्ञाचे आकडे छापले, त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांतला मृत्युदर ९० टक्क्यांच्या वर. लोक हादरले. केलं काय होतं, तर वर्षभरातले मृत्यू वर आणि एका ठरलेल्या दिवशी खाटांवर असलेले रुग्ण खाली. जे रुग्णालय भराभर रुग्ण बरे करून खाटा मोकळ्या करेल, तेच या हिशेबात जास्त मारकं ठरणार. डॉक्टर तुटून पडले, आणि या बाबतीत डॉक्टर बरोबर होते. तरी मला ती चूक आवडते. तिच्यामुळे सगळे रेघेच्या खाली बघायला शिकले.

परत ३० दिवसांकडे येते, कारण माझी हाडं त्यात झिजली. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्यात ही कलमं आली आणि ऑक्टोबर २०१२ पासून दंड सुरू झाला. आधी जास्तीत जास्त १ टक्का, पुढे ३. सुरुवातीला तीनच आजार: हार्ट अटॅक, हृदय निकामी होणं, न्यूमोनिया. मागचा विचार चुकीचा नव्हता. रुग्णाला हातात न वाचता येणारं डिस्चार्ज कार्ड देऊन लिफ्टपर्यंत सोडायचं आणि विसरून जायचं, ही आमची जुनी खोड. तो परत आला तर उलट खाट भरली, पुन्हा बिल. दंडामुळे पहिल्यांदा रुग्णालयांना प्रश्न पडला की हा माणूस घरी जाऊन करतो काय. आमच्या रुग्णालयाला असाच नियम लागू झाला तेव्हा मी पुढे होऊन त्याची बाजू मांडली होती. समितीत होते.

नियम आला आणि परत येणं घटलं. पण ही घट खरी किती आणि कागदाची किती, यावर माझ्या जातकुळीचे लोक अजून भांडत आहेत. रुग्णाच्या फाइलवर आधीपेक्षा जास्त निदानं लिहिली की तो कागदावर जास्त आजारी दिसतो, आणि मग त्याचं परत येणं 'अपेक्षित' ठरतं. निरीक्षणाखाली ठेवायचं प्रमाणही त्याच काळात वाढलं. घट त्यामुळेच झाली का, यावर मात्र एकमत नाही. २०१८ मध्ये एका गटाने दाखवलं की नियमानंतर हृदय निकामी झालेल्या रुग्णांचे मृत्यू वाढले. दुसऱ्या गटाने तशाच नोंदी चाळून सांगितलं, वाढीचा संबंध नियमाशी नाही. दोन्हीकडे मला आदर असलेली माणसं आहेत. कुणी विचारलं की तुझं मत काय, तर मी पुढच्या सोमवारी विचार म्हणते. मजा म्हणून नाही. दर सोमवारी माझं मत खरंच थोडं हललेलं असतं.

ज्याबद्दल ते हललेलं नाही, ती गोष्ट वेगळी आहे. दंड कुणाला बसला? गरीब वस्तीतल्या रुग्णालयांना जास्त. ज्यांच्या रुग्णांच्या घरी जिना चढवून न्यायला माणूस नाही, त्यांचे रुग्ण परत येणारच. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात आयुष्य काढलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्येच लिहून ठेवलं होतं की जिथे गरज जास्त, तिथेच चांगली सेवा कमी असते. आम्ही त्या कमीतून आणखी कापत होतो आणि त्याला गुणवत्ता म्हणत होतो. ऑक्टोबर २०१८ पासून अमेरिकेत गरीब रुग्ण जास्त असलेल्या रुग्णालयांची तुलना त्यांच्यासारख्यांशीच होऊ लागली. सहा वर्षं लागली. समितीच्या बैठकीत मी हा मुद्दा काढला होता का? इतिवृत्त काढून बघितलं. नव्हता काढला.

या दुहेरी नोकरीत एक त्रास कायमचा. वॉर्डातले सहकारी विचारतात, "हल्ली रुग्ण बघतेस की नुसतेच पेपर?" आणि अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेत मी एखाद्या आजींची गोष्ट सांगितली की समोरचे कनवाळू हसतात. एक माणूस म्हणजे त्यांच्या लेखी किस्सा. दोन्हीकडे पाहुणी. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. आता दोन्हीकडून मिळणाऱ्या टोमण्यांचा एक वेगळा फोल्डर करायचा विचार आहे.

तर त्या रात्री.

आजींच्या पिशवीत एक शंभर पानी वही होती. सोडताना आम्हीच दिली होती. रोज सकाळी वजन लिहायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. हृदयाच्या रुग्णाला पाणी साठतंय हे दम लागायच्या आधी काट्याला कळतं. वही उघडली. पहिला दिवस, ५८.२. दुसरा, ५८.०. अक्षर नेटकं, तारखेखाली रेघ. असे १९ दिवस. मग विसाव्या दिवसापासून आकड्याच्या जागी आडवी रेघ. एकविसावा, रेघ. बाविसावा, रेघ. रोजची तारीख घातलेली, रोज एक रेघ, सत्ताविसाव्या दिवसापर्यंत.

"आजी, वजन का नाही केलं?"

"काटा," श्वास, "बंद पडला," श्वास. "त्यातला सेल."

"मग फोन करायचा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वजन वाढलं," श्वास, "तर करा म्हणालात. वाढलं का," श्वास, "कसं कळणार?"

रेसिडेंट अजून उभा होता, हातात दोन कागद घेऊन. एक भरतीचा, एक निरीक्षणाचा. मी काय केलं असं मला व्याख्यानांत कधी कुणी विचारलं नाही, कारण ही गोष्ट मी तिथे सांगतच नाही. मी निरीक्षणाच्या कागदावर सही केली. मनाशी कारणंही जुळवली. इंजेक्शनने लघवी सुटली होती, श्वास थोडा सावरला होता, दीड दिवसात काम होईल असं वाटत होतं. डॉक्टर म्हणून ते सगळं बरोबरच होतं. पण त्याच आजी पस्तिसाव्या दिवशी आल्या असत्या, तर दुसऱ्या कागदाकडे मी बघितलंही नसतं.

दीड दिवसाने त्या घरी गेल्या, चालत. नर्सने जाताना काट्याचा सेल आठवणीने लिहून दिला.

काही वर्षांनी आमच्या रुग्णालयाच्या नोंदींवर मी एक लेख लिहिला. नियमाच्या आधी आणि नंतर. या वेळी तुलनेला दुसरा गट घेतला होता, प्राध्यापकांचा मऊ आवाज कानात होता. शेवटच्या तपासणीला मी ओळी डोळ्यांखालून घालत होते. खरं तर हे कुणी करत नाही, सॉफ्टवेअर करतं. एका ओळीवर थांबले. स्त्री, ७४, हृदय निकामी, सोडताना वजन ५८.२. सोडल्याची तारीख ओळखीची. शेवटचा रकाना: ३० दिवसांत पुन्हा भरती. त्यात शून्य.

लेखात मर्यादांचा परिच्छेद असतो. त्यात मी एक वाक्य घातलं की निरीक्षणाखालील रुग्णांची गणना केलेली नाही. संपादकांनी ते वाक्य लहान करायला सांगितलं. मी केलं. शून्य तसंच आहे.